एकशे सात जणांची हजेरी

प्रेमदास ताकसांडे यांनी हिंगणघाटच्या एका कापडगिरणीत विणाई खात्यात एकतीस वर्षे जॉबर म्हणून नोकरी केली होती. पाळी सुरू होण्यापूर्वी खात्यातील प्रत्येक कामगाराचे नाव खणखणीत आवाजात पुकारायचे, 'हाजर' असे उत्तर आले की त्याला त्याचा माग नेमून द्यायचा, आणि कोणी आले नसेल तर फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या बदली कामगारांपैकी एकाला आत बोलावून त्या मागावर उभे करायचे, हे त्यांचे काम. माग रिकामा राहता कामा नये, हा गिरणीतला पहिला कायदा होता. गिरणी बंद पडून बारा वर्षे लोटली. अशा गृहस्थाला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी संगणकावरील युद्ध खेळता येत होते, ही गोष्ट त्यांच्या वस्तीत कोणी खरी मानली नसती.

ते युद्ध त्यांना त्यांच्या मुलीने शिकविले होते. मयुरी हे त्यांचे एकुलते एक अपत्य. ती सिंदी रेल्वेच्या शाळेत गणित शिकवीत असे व रोज गाडीने ये-जा करीत असे. सव्विसाव्या वर्षी तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोन वेळा वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त शुद्ध करून आणावे लागे. उरलेले दिवस ती समोरच्या खोलीत खाटेवर पडून काढी. पाणीसुद्धा मोजून प्यावे लागे. तिच्या स्टीलच्या पेल्यावर प्रेमदासांनी खिळ्याने मध्यभागी एक रेघ ओढून दिली होती. त्या रेघेपर्यंतच भरायचे. अशा दिवसांत तिने तो खेळ काढला, आणि पुढे हात थरथरू लागले तेव्हा वडिलांना म्हणाली की, बाबा, मी सांगते, तुम्ही चालवा.

खेळाची रीत साधी होती. मधमाशीच्या पोळ्यासारख्या सहा कोनांच्या घरांचा एक विस्तीर्ण नकाशा. त्यावर नद्या, टेकड्या, पूल, ठाणी. जेथवर आपले सैन्य गेले तेथवर उजेड आणि त्यापलीकडे सर्व काळेभोर. आपल्या बाजूला एकशे सात तुकड्या. एका घरात एकच तुकडी मावे. प्रत्येक पाळीला खेळ एकेका तुकडीपुढे आपणहून जाऊन थांबे, ती तुकडी उघडझाप करू लागे, नगाऱ्यावर एक टिपरी पडल्यासारखा आवाज होई आणि आदेश विचारला जाई. चाल, थांब किंवा झोप. झोप म्हटले की ती तुकडी पुन्हा कधीही विचारीत नसे. सर्वांना आदेश मिळाल्याखेरीज पाळी संपत नसे. एका पाळीला सहज दोन तास लागत.

पहिल्या आठवड्यात प्रेमदासांची त्रेधा उडाली. कोणती तुकडी कोठे, याचा काही केल्या मेळ बसेना. तेव्हा मयुरीने युक्ती काढली. तुकड्यांची नावे बदलता येत असत. ती म्हणाली की तुमच्या खात्याची हजेरी सांगा. त्यांनी डोळे मिटून नावे उच्चारली आणि तिने एका बोटाने ती एकेक करून टंकली. तानबाचा आवाज मोठा म्हणून तो तोफखाना झाला. भैय्याजी मोडके माग दुरुस्त करण्यात तरबेज, त्याच्याकडे पूल बांधण्याचे काम आले. पंचफुलाबाई सुताच्या कांड्या भरीत असे, तिला रसद दिली. सुलोचनेच्या, म्हणजे मयुरीच्या आईच्या, नावाने एक पुरवठ्याची गाडी ठेवली. यादीच्या शेवटी प्रेमदासांचे नाव घातले, आणि त्याच्याही मागे स्वतःला तिने टेहळणीची घोडेस्वार करून घेतले आणि उत्तरेच्या टेकडीवरील शेवटच्या ठाण्यावर उभे केले. त्या ठाण्यापुढे अंधार होता. त्या दिवसापासून प्रेमदासांचा हात चुकला नाही. ते नाव पुकारीत, ती खाटेवरून आदेश देई, आणि सुलोचनाबाई भाजी निवडता निवडता म्हणत की बापलेकीने घरातच गिरणी सुरू केली, आता भोंगा तेवढा बसवून घ्या.

एका गोष्टीबद्दल मात्र मयुरी हट्टी होती. मागे उगाच पडून असलेल्या तुकड्यांना झोपविले असते तर वेळ निम्मा झाला असता. तिने ते कधीही करू दिले नाही.

"बाबा, झोपवलं का मंग त्याले कोनी इचारत नाई," ती म्हणाली. "रोज नाव घेतलं पायजे मानसाचं."

डिसेंबरातल्या एका मंगळवारी अठ्ठ्याऐंशीवी पाळी अर्धी टाकून तिघे वर्ध्याला गेले. बासष्ट तुकड्यांना आदेश झाले होते, पंचेचाळीस शिल्लक होत्या. उरलेल्या आल्यावर करू, असे ती गाडीत बसताना म्हणाली. अकरा वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यात तिचे हृदय बंद पडले. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. कोणाकडून काही चुकले नव्हते. ज्याच्यावर राग धरावा असे कोणीच नसणे, हे प्रेमदासांना त्या दुःखातील सर्वांत कठीण वाटले.

ते बौद्ध कुटुंब. पिंड नाही, कावळा नाही, आत्म्याच्या गोष्टी नाहीत. भन्तेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला आळीतील सर्व मंडळी जेवून गेली. मेलेले माणूस कोठेही जात नसते आणि कोठूनही येत नसते, हे प्रेमदासांनी आयुष्यभर लोकांना पटवून दिले होते, आणि तेच आता ते स्वतःला समजावीत राहिले. वस्तीतल्या जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम भरात होता. हवेत सरकीचा ओशट वास आणि बारीक तंतू तरंगत असत. सुलोचनाबाई रोज खाटेवरची चादर झटकीत आणि पुन्हा अंथरीत.

महिना उलटल्यावर एका सकाळी त्यांनी संगणक उघडला. पाळी अठ्ठ्याऐंशीच होती. पंचेचाळीस माणसे महिनाभर आदेशाची वाट पाहत उभी होती. त्यांच्या मनात आले की हे बरे नव्हे. ते खुर्ची ओढून बसले आणि एकेक नाव पुकारून त्यांनी सर्वांना मोकळे केले. सर्वांत शेवटी खेळ उत्तरेच्या टेकडीवर गेला. मयुरी. घोडेस्वार उघडझाप करू लागला. त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिले. मग ते म्हणाले, "थांब माय," आणि त्यांनी कळ दाबली. पाळी संपली.

दुसऱ्या दिवशी एकोणनव्वदाव्या पाळीची हजेरी एकशे सहा भरली.

जॉबरची मोजणी चुकत नसते. तरी त्यांनी नकाशा पहिल्यापासून धुंडाळला. टेकडीवरचे ठाणे रिकामे होते. घोडेस्वार तेथून दोन घरे उत्तरेला, अंधारात शिरला होता. त्याच्याभोवती थोडासा उजेड पडला होता, पाण्यात सोडलेल्या पणतीएवढा.

त्यांनी भाच्याला बोलावले. रुपेश याचे बसस्थानकाजवळ संगणक दुरुस्तीचे दुकान होते. दोन लेकरांचा बाप, समजूतदार गडी. त्याने पाहून सांगितले की यात नवल काही नाही. लांबच्या ठिकाणाचा आदेश एकदा देऊन ठेवला की ती तुकडी पुढे न विचारता दर पाळीला आपोआप चालत राहते. मयुरीताईने कधीतरी देऊन ठेवला असेल. प्रेमदासांना ते पटले. तो आदेश रद्द कर, असे त्यांनी सांगितले. रुपेशने घोडेस्वारावर अनेकदा टिचकी मारली. निवड होत नव्हती. कोठवर जायचे आहे ते दाखवणारी रेघ त्याने काढून पाहिली, तर ती रेघ काळोखातून सरळ वर जाऊन नकाशाच्या कडेबाहेर निघून गेली होती.

"असं नसते मामाजी," तो हळूच म्हणाला.

मग त्याने जुन्या जतन केलेल्या पाळ्या उघडल्या. ऐंशीवी, सत्तरावी, साठावी. त्या पाळ्या बापलेकीने मिळून खेळल्या होत्या, ठाण्यावर घोडेस्वार उभा होता, हे प्रेमदासांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. प्रत्येक पाळीत टेकडी रिकामी होती. विसाव्या पाळीतसुद्धा तो स्वार अंधारातच होता, आणि त्याची पाठ इकडे होती. रुपेशने संगणक जुना झाला आहे असे काहीतरी पुटपुटले. मामीने ठेवलेला चहा तसाच टाकून तो निघून गेला, आणि पुढे फोन केला की तो दुकानात गर्दी आहे असे सांगू लागला.

प्रेमदास खेळत राहिले. न खेळावे तर तिने सांगितलेली गोष्ट मोडत होती. सकाळचा चहा झाला की ते बसत. नव्वदाव्या पाळीला पंचफुलाने आदेश मागितला नाही. एक्याण्णवाव्या पाळीला आणखी तिघांनी मागितला नाही. शोधले तेव्हा ते सर्व आपापली ठाणी सोडून उत्तरेच्या वाटेला लागलेले दिसले, एकामागे एक, थोडे अंतर राखून, जसे कामगार पहाटे भोंग्याच्या आधी फाटकाकडे चालत जातात तसे. ती चारही माणसे वारलेली होती. पंचफुला तर करोनाच्या वर्षी गेली होती. मयुरीला हे ठाऊक असावे, तिनेच काही योजना करून ठेवली असावी, अशी त्यांनी आपली समजूत घातली. मात्र त्र्याण्णवाव्या पाळीला भैय्याजी चालू लागला, आणि भैय्याजी पुलगावला मुलाकडे सुखरूप होता.

त्याच आठवड्यात तानबा भेटायला आला. दारातूनच म्हणाला, "काय जॉबर साहेब, आता पेटीतच हजेरी घेऊन राह्यले का? मले खाडा नोका लावू, मी आलो."

सुलोचनाबाई किती दिवसांनी हसल्या. तानबाने चहा बशीत ओतला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग त्याने आवाज उतरवून सांगितले की तो काल पुलगावला गेला होता. भैय्याजी सोमवारी सकाळी गेला. झोपेतच गेला, कोणाला कळलेसुद्धा नाही.

प्रेमदासांनी मनात मोजले. त्र्याण्णवावी पाळी सोमवारी झाली होती.

सदर गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. सांगण्यासारखे शब्दच त्यांच्याजवळ नव्हते. जे शब्द होते त्यांवर त्यांनी आयुष्यभर टीका केली होती. तथापि त्यांना भीती वाटली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांना वाटला तो एक प्रकारचा दिलासा. पोर एकटी नव्हती. पंचफुला होती, भैय्याजी होता. फक्त ती सर्वांच्या पुढे होती आणि घोड्यावर होती, दर पाळीला एक-दोन घरे पुढे जात होती, आणि मागची माणसे पायी होती. तिच्याभोवतीचा उजेड दिवसेंदिवस लहान होत होता. अजून चार-पाच पाळ्या, म्हणजे नकाशाची कड.

आणि टेकडीवरचे ठाणे रिकामे होते. हजेरी संपली की ते रोज पुन्हा त्या रिकाम्या घरापाशी जाऊन पाहत.

गिरणीत असताना ते एक गोष्ट करीत असत. चांगला कामगार आजारी पडला, महिना महिना येईनासा झाला, तर ते त्याच्या मागावर आपल्या विश्वासातील एक बदली उभा करून ठेवीत. माग चालता राही, साहेबांचे लक्ष जात नसे आणि मूळ कामगाराचे नाव पटावर टिकून राही. तो बरा होऊन परतला की बदलीने मुकाट्याने बाजूला व्हायचे. अशी किती जणांची जागा त्यांनी राखली होती, याची गणती नव्हती. कित्येकांना घरचे लोक गेल्यात जमा धरून बसले होते, ते सुद्धा परत आले होते.

सत्याण्णवाव्या पाळीला त्यांनी तसेच केले. ठाण्याला सर्वांत जवळ पुरवठ्याची एक गाडी होती, तीन घरांवर. तिला त्यांनी टेकडीवर चढविले आणि मयुरीच्या घरात उभे केले. ती गाडी सुलोचनेच्या नावाची होती. आई लेकीची जागा धरून ठेवील, याहून अधिक विचार त्यांच्या मनात आला नाही.

पुढच्या पाळीला घोडेस्वार वळला होता.

प्रेमदास खुर्चीतून उठून उभे राहिले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिले. स्वाराचे तोंड इकडे होते, आणि तो एक घर मागे आला होता. एकच घर, जणू थकल्या घोड्यावरून, तोल सांभाळीत. पण इकडे. त्या दिवशी ते पोटभर जेवले. बाजारातून संत्री घेऊन आले. कोणत्या आनंदाने आणली, हे पत्नीला सांगता येईना.

दर पाळीला एक घर. चौदा घरांचे अंतर होते. प्रेमदास आता सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्या करू लागले.

सुलोचनाबाई त्या दिवसांत दुपारी निजू लागल्या. पूर्वी त्या कधी दिवसा पाठ टेकीत नसत. एके दुपारी त्या मयुरीच्या खाटेवर निजलेल्या दिसल्या. प्रेमदासांना ते स्वाभाविक वाटले. मग एकदा त्या पाणी प्यायल्या, ते त्यांनी पाहिले. घरात पंधरा पेले होते. त्यांनी रेघेचा पेला घेतला, रेघेपर्यंत भरला, घोट घोट करून संपविला आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवीत माठाकडे पाहत बसल्या.

"पे ना अजून," प्रेमदास म्हणाले.

"नाई. झालं मायं आजचं."

डावा हात त्या छातीशी धरून वावरू लागल्या. मयुरीच्या डाव्या हाताच्या शिरेत सुया टोचीत असत, म्हणून ती तो हात तसाच जपत असे. सुलोचनाबाईंच्या हाताला काहीही झालेले नव्हते. भांडी त्या एका हाताने घासीत. पायांवर सूज दिसू लागली. बोटाने दाबले की खळगा पडे आणि लवकर भरत नसे. प्रेमदासांनी त्यांना तपासणीला नेले. रक्ताचे, लघवीचे सगळे अहवाल आले. सगळे निर्दोष. डॉक्टर म्हणाले की तरुण बाईचे असावेत इतके उत्तम आहेत, मनाला लावून घेतले असेल, थोडे फिरवून आणा.

तानबा पुन्हा आला तेव्हा त्याने थट्टा केली नाही. जाताना त्याने प्रेमदासांना ओट्यावर बोलावून घेतले.

"वहिनीचा चेहरा सुजून राह्यला, जॉबर. पोरीचा सुजलता तसाच. तुले दिसत नाई का?"

त्यांना दिसत होते. पहिल्या दिवसापासून दिसत होते. स्वार घरामागून घर जवळ येत होता आणि बाई दिवसामागून दिवस त्या खाटेवर सरकत होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर घडत होत्या, आणि त्या माणसाने त्यांतील एकीकडे पाहायचे आणि दुसरीकडे पाहायचे नाही असे ठरविले होते. ओट्यावर उभे राहून त्यांनी प्रथमच हे स्वतःशी कबूल केले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

सकाळी एकशे अकरावी पाळी उघडली. स्वार टेकडीच्या पायथ्याशी होता. ठाण्यापासून एक घर. आता त्याच्याभोवतीचा उजेड ठाण्याच्या उजेडात मिसळला होता, आणि मयुरी हे तिच्या हातचे टंकलेले नाव सुलोचनेच्या नावाला जवळजवळ खेटून उभे होते. अजून एक पाळी. एका घरात एकच तुकडी मावत असे.

प्रेमदासांनी ती दोन नावे बराच वेळ पाहिली. ते रडले नाहीत. आंघोळीला जातो असे सांगून ते उठले, नळाखाली बसून राहिले, आणि अंगावर पाणी घेता घेता त्यांनी मनाशी निश्चय केला. गिरणीत एकतीस वर्षांत त्यांनी कोणाचेही नाव स्वतःच्या हाताने पटावरून कमी केले नव्हते. ते आज करायचे होते. गाडी मागे घ्यायची. ठाणे रिकामे सोडायचे. मग पोर वळली तर वळू दे, गेली तर जाऊ दे. त्यांनी मोठ्याने तिची क्षमा मागितली. बाहेर स्वयंपाकघरात परात सरकविल्याचा आवाज झाला.

ते येऊन बसले आणि हजेरी सुरू केली. तानबा, चाल. कवडू, थांब. खेळ एकेक तुकडीपुढे जाई, टिपरी पडे, ते पुकारीत, कळ दाबीत. सुलोचनेचे नाव सत्तेचाळिसावे. सेहेचाळीस नावे झाली.

खेळ पुढल्या नावावर गेला.

ते नाव सुलोचनेचे नव्हते. त्यांनी हात थांबविला. त्यांनी नकाशा टेकडीवर नेला. ठाण्यात गाडी होती. तिच्यावर त्यांनी टिचकी मारली. निवड झाली नाही. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा मारली. मग, रुपेशने दाखविले होते त्याप्रमाणे, वाट दाखवणारी रेघ काढून पाहिली. ती रेघ ठाण्यातून निघून स्वाराच्या घरापाशी गेली होती, आणि तेथून सरळ उत्तरेला.

स्वाराचे तोंडही आता उत्तरेला होते.

"ऐकलं का," त्यांनी हाक मारली. "तू इथं बसली होती का?"

आत भाकर थापण्याचा आवाज चालू होता. तो थांबला नाही.

"हो," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुमी आंघोळीले गेलते तवा."

"तुले कुठं येते हे?"

"वर्षभर पायलं ना मी. तुमी दोघं समजत होते मी भाजी निवडून राह्यली." त्यांच्या बोलण्यात थोडे हसू होते. "बसल्याबरोबर पयले मायंच नाव आलं. काय करू म्हून इचारलं त्यानं. मी सांगतलं."

"काय सांगतलं?"

थाप. थाप. थाप.

"ते मायलेकीचं हाय. तुमाले काऊन सांगू?" मग, जरा वेळाने, समजूत घातल्यासारखे, "ती घ्यालेच आलती जी. माह्यासाठी वळली होती. तिले एकटीले कसं धाडू?"

प्रेमदास पडद्याकडे वळले. त्यांनी घाईघाईने विचार केला. पाळी संपल्याखेरीज कोणी हलत नाही. उरलेल्या तुकड्यांना आदेशच द्यायचा नाही. मग पाळी संपणार नाही. मग गाडी ठाण्यातच राहील. आज, उद्या, आयुष्यभर. त्यांनी कळफलकावरून दोन्ही हात उचलले आणि मांडीखाली दाबून धरले.

पडद्यावर टिपरी पडली. तुकडीने उघडझाप थांबविली. खेळ पुढल्या नावावर गेला.

त्यांनी हात लावला नव्हता.

टिपरी. पुढले नाव. टिपरी. पुढले नाव. पन्नास. साठ. त्यांना मोजणी थांबविता येईना.

त्यांनी संगणकाची तार भिंतीतून ओढून काढली. पडदा उजळच राहिला.

ऐंशी. एक्याण्णव. शेवटी प्रेमदास हे नाव आले, क्षणभर थांबले, आणि पुढे गेले.

पाळी एकशे बारा.

टेकडी रिकामी होती. दूर अंधाराच्या कडेला दोन लहान उजेड एकमेकांना लागून होते, आणि ते थांबलेले नव्हते.

आत थापण्याचा आवाज केव्हा बंद झाला, हे त्यांच्या लक्षात आले नाही. ते तसेच बसून राहिले, कान देऊन. मग तव्यावरची भाकर करपू लागल्याचा वास आला. ती उलथायला कोणी उठले नाही.